बोट ठेवायला जागा

कासारवाडी स्टेशनाकडून नाशिक फाट्याकडे येताना, जिथं सकाळी चाकणच्या कंपन्यांच्या बस माणसं उचलतात, तिथं फुटपाथच्या कडेला सिमेंटचे गुडघाभर खांब आहेत. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून घातलेले. दुचाक्या चढायच्या तेव्हा चढतातच, तो भाग वेगळा. त्यातल्या एका खांबाचं डोकं कधीतरी टेम्पोच्या धक्क्यानं उडालं होतं आणि वर सपाट जागा उरली होती. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या जागेवर एक बाई उभी दिसली.

वीतभर उंचीची. अंगात पंजाबी ड्रेस, वरून कंपनीचा निळा ॲप्रन, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, डाव्या खांद्याला डब्याची पिशवी आणि उजवा हात बसला करावा तसा वर केलेला. कुणी केली, कुणी आणून बसवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी टपरी उघडली तवा ती हितंच हाय. माझ्या आधी आली म्हंजी फस्ट शिफ्टवालीच असणार, दुसरं काय!"

आमच्या थांब्यावरची माणसं म्हणजे अर्धी झोप घरी ठेवून आलेली. शेजारी कोण उभं आहे याचा पत्ता नसतो. तीच माणसं हेल्मेट काढून, उकिडवी बसून तिच्याकडे बघायला लागली. गाडीवरून हिंजवडीला निघालेली पोरंपोरी थांबून फोटो काढायला लागली. एका बसचा ड्रायव्हर रोज बरोबर तिच्यासमोर दार येईल असा ब्रेक मारायचा आणि ओरडायचा, "चला ताई, तुमच्यामुळं लेट होतंय!" रस्ता झाडणारी बाई त्या खांबाशी आली की झाडू हळू करायची. थंडी वाढली तसा कुणीतरी तिच्या गळ्यात लोकरीचा बोटभर मफलर घातला.

सगळ्यात मोठी गंमत झाली ती रांगेची. आमच्या थांब्यावर रांग हा प्रकार नव्हताच. ज्याचा खांदा रुंद त्याला खिडकीची सीट. एकदा एक दांडगट पुढं घुसला, तेव्हा कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "ओ भाऊ, ताईंचा नंबर आधी आहे." सगळे हसले, तोही हसला आणि मागं सरला. त्या दिवसापासून रांग तिच्या मागून लागायला लागली. तिच्या पुढं कुणी उभं राहीना. जे आमच्या कुणाच्या आईबापाला जमलं नव्हतं ते त्या वीतभर बाईनं न बोलता करून दाखवलं.

मी माणूस खवट आहे. सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. पत्र्याला आकार द्यायला प्रेस मशीनमध्ये जे लोखंडी साचे लागतात, ज्यांना आम्ही डाय म्हणतो, ते टूलरूममध्ये बनतात आणि दुरुस्त होतात. तिथं केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी भांडण होतं. रिटायर झालो तरी चाकणचा एक छोटा कारखाना मला डाय दुरुस्तीला बोलावतो आणि मी जातो. घरी बसलो तर स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं सरळ बसतात की नाही ते तपासत राहतो, असं बायकोचं म्हणणं आहे. खोटं नाही ते.

त्यामुळं सगळे 'अय्या, किती गोड' करत असताना मी वाकून खोडी काढत होतो. मान आखूड झालीय. पिशवीचा बंद फार जाड आहे. वर केलेला हात अंगाच्या मानानं मोठा आहे. माल काय वापरलाय, तर गळक्या पाइपला प्लंबर लोक दोन रंगांच्या वड्या मळून लावतात ती पुटी, आत तांब्याची तार. पण करणाऱ्यानं जीव ओतला होता, हे मलाही नाकारता येत नव्हतं. डब्याच्या पिशवीला सुईनं चेन कोरली होती. चपलेला अंगठा होता. मला ती आवडली होती. फक्त ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग एका सकाळी मी त्या वर केलेल्या हाताकडे नीट बघितलं. अंगठा होता, करंगळी होती, करंगळीशेजारचं बोट होतं. बाकीची दोन नव्हती. मुळापाशीच संपली होती.

मला वाटलं, मोडली. कुणाची बॅग लागली असेल, नाहीतर फोटोच्या नादात कुणी हात घातला असेल. त्या न पाहिलेल्या माणसाच्या नावानं मी कडाकडा बोटं मोडली. संध्याकाळी घरी येऊन बायकोपुढं सुरू झालो, की आपल्याकडं चांगली वस्तू म्हणून टिकू देत नाहीत, लोकांची लायकीच नाही. बायको भाजीला त्याच रस्त्यानं जाते. ती म्हणाली, "मोडली कशावरून? मी पहिल्यांदा बघितली तेव्हाही तशीच होती."

"मग पहिल्याच दिवशी मोडली असणार."

"किंवा असेल तशीच."

"तशीच म्हणजे?"

"असतात काही बायका तशा," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, पण मोजलं नाही. माझं डोकं तोवर पुढच्या कामाला लागलं होतं. कारखान्यात खराब नग सापडला की त्याच्या नशिबी दोनच गोष्टी असतात, एक तर भंगार नाहीतर रिवर्क. रिवर्क म्हणजे सुधारून पुन्हा चांगल्यात घालणं. माझा जन्म रिवर्क करण्यात गेला. डोळ्यासमोर खराब नग असताना हात जोडून गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, लग्नात, मयतीतसुद्धा नाही.

घरी पितळी तार होती. तिचे दोन तुकडे घेऊन बारीक कानशीनं बोटं घडवली. नुसत्या काड्या नाहीत, पेरं काढली, नखं काढली. आपलंच बोट समोर धरून माप घेत होतो. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी पिशवीत हँड ड्रिल, चिकटवायचं सामान आणि रंगाची बाटली घेऊन गेलो आणि खांबाजवळ फतकल मारून बसलो. आधी मोबाइलवर त्या हाताचा जवळून फोटो काढला. ती सवय. काम सुरू करायच्या आधी फोटो काढायचा, झाल्यावर काढायचा.

ड्रिल लावताना मला एक गोष्ट दिसली होती. ती लपवून ठेवण्यात आता काही अर्थ नाही. मोडलेल्या जागेला धार असते, खरबरीत कड असते. इथं तसं काही नव्हतं. बोटं जिथं संपत होती ती टोकं गुळगुळीत होती, मुद्दाम घासून गोल केलेली, वरून रंगही दिलेला. मोडणारा माणूस असं करत नाही. हे कळायला टूलरूम लागत नाही, पण माझी तर उभी हयात टूलरूममध्ये गेलेली. माझा हात क्षणभर थांबलासुद्धा. मग मनात आलं, करणाऱ्याला बोटं जमली नसतील, म्हणून त्यानं तशीच सोडून दिली असतील. आणि मी भोक पाडलं.

तोवर माणसं जमली होती. सुट्टी असली तरी स्टेशनला जाणारी-येणारी होतीच. दोन्ही बोटं बसली, रंग लागला, आणि मी बाजूला झालो, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं अक्षरशः तोंडात बोट घातलं. टपरीवाला म्हणाला, "काका, आता बोट ठेवायला जागा न्हाई बघा!" स्वतःच्याच कोटीवर तो इतका खूश झाला की त्यानं मला चहा पाजला. मीही खूश होतो. इतकं कौतुक मला निरोप समारंभातही मिळालं नव्हतं.

आणि मग मी ते केलं, जे आमच्यातलाच माणूस करू जाणे. आमच्या प्रत्येक कारखान्यात कायझेनचा बोर्ड असतो. कामगारानं काही सुधारणा केली की तिचे दोन फोटो शेजारी शेजारी लावतात, एक 'आधी'चा, एक 'नंतर'चा. आधीच्या फोटोत दोषाभोवती लाल गोल काढायचा, नंतरच्यात हिरवा. अशी कायझेनं मी अगणित केली. त्या दुपारी मोबाइलवर तेच केलं. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. दोन थोटकांभोवती बोटानं लाल गोल काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले. तिथून तो फोटो कुठं कुठं गेला ते मला कळायचं कारण नव्हतं. मुलीच्या सासरहून फोन आला, त्यांच्याही ग्रुपवर आला म्हणून. बायकोनं फोटो बघितला आणि एवढंच म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"चांगल्या कामाला कुणी सांगावं लागतं का?"



त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी रांगेत होतो आणि खांबापाशी एक बाई उभी होती. तिशी-पस्तिशीची, अंगात निळा ॲप्रन, खांद्याला डबा. मी तिला आधीही बघितलं होतं, पण नीट नाही. तिची शिफ्ट बदलती असावी, कारण ती एक आठवडा दिसायची आणि पुढचा आठवडा नाही. ती त्या चिमुकलीकडे वाकून बघत होती. बराच वेळ. मला वाटलं, कौतुक करतेय. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढं होऊन म्हणालो, "बोटं मोडली होती तिची. मी बसवली, पितळेची आहेत. ओळखू येतंय का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमीच का," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाई, ओळखू येत नाई. छान बसलीत."

तेवढ्यात तिची बस आली. सवयीनं तिचा उजवा हात वर गेला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला, आणि तिनं तो खाली घेऊन ओढणीच्या आत सारला. सगळं एका श्वासात झालं. पण तेवढ्यात मी बघितलं. अंगठा, करंगळी, करंगळीशेजारचं बोट.

बस थांबली, ती चढली, दार लागलं. मी तिथंच उभा होतो. माझीही बस आली आणि मी ती सोडली. टपरीवाल्यानं विचारलं, "काका, बरं वाटंना व्हय?" मी म्हणालो, "पित्त झालंय."

प्रेसवर बोटं गेलेले हात मी काय कमी पाहिलेत? लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस पाकीट कसं धरतो, चहाचा कप कुठल्या हातानं उचलतो, यावरून मी ओळखायचो की हा प्रेसशॉपचा. माझी मात्र सगळी शाबूत. प्रेसवाले चेष्टेनं म्हणायचे, "मास्तर, तुमचा सेट पुरा आहे." मी हसायचो. डाय आम्ही घडवायचो आणि त्याखाली हात त्यांचे जायचे, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर सगळे मिळून हसायचो. आणि त्याच मला, त्या चिमुकलीचा हात बघितला तेव्हा त्यात बाई दिसली नाही, खराब नग दिसला. मला अपराधी वाटत होतं, आणि ते पुढं कितीतरी दिवस भाकरीच्या घासागणिक वाटत राहिलं.

बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे."

"आता काय करू?"

"मला काय विचारता? तेव्हा विचारलं होतंत का?"

रात्री जेवताना मात्र तिनं स्वतःहून ताटात दुसरी भाकरी वाढली. त्यावरून माझ्या तोंडाचा रंग काय होता ते मला कळलं.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पुन्हा पिशवी घेऊन गेलो. ठरवलं होतं की बोटं काढायची आणि होतं तसं करून ठेवायचं. बारीक पक्कड लावली तोच मागून आवाज आला, "ओ काका, काय करताय?" टपरीवाला कपबशा टाकून आला. त्याच्यामागं आणखी चार-पाचजण. "स्वतःच बसवली आन स्वतःच उपटताय व्हय?"

"माप चुकलंय," मी म्हणालो.

"कुठं चुकलंय? एकदम फस्क्लास हायेत. हात लावू नका राव. ताई सगळ्यांची हाय, तुमच्या एकट्याची न्हाई."

एक काकू तर रडवेल्या झाल्या. "अहो, बिचारीची एकदा मोडली, आता पुन्हा मोडता का?" मी काय सांगणार होतो? ती मोडलेली नव्हती हे सांगायचं, तर ती अशी का होती तेही सांगावं लागलं असतं. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. निदान एवढी अक्कल तोवर आली होती. पक्कड पिशवीत टाकली आणि घरी आलो. ज्या माणसांनी दोन आठवड्यांपूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्याच नजरा पाठीला टोचत होत्या.

मग मी तिची वाट बघायला लागलो. तो आठवडा तिच्या दुसऱ्या शिफ्टचा असणार, म्हणजे ती दिसणार नव्हती. हे मला समजत होतं, तरी रोज रांगेत मान वळवून बघायचो. तिनं थांबाच बदलला तर, हा विचार सुटत नव्हता. सोमवारी ती आली. मी रांग सोडून तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, माझी चूक झाली."

ती लगेच समजली. लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही जरा पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिलो.

"तुम्ही केलीय ना ती?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "गावाकडं पोळ्याला मातीचे बैल करायचो आम्ही. ती सवय हाताला हाय. नळाला लावायची पुटी आणली, लेकरं शाळंत गेल्यावर केली. डाव्या हातानं लई दिवस लागले."

ती आपणच बोलत गेली. तिचं बोलणं बीडकडचं होतं, संथ.

"बोटं गेल्यापासनं मी हात ओढणीतच ठेवायची, काका. बसला डावा हात करायची. कंपनीत पॅकिंगला घेतलं, तिथं बी लपवूनच. लोकं बोलत नाईत, पण बघतेत. बघतेत आन् नजर काढून घेतेत. मला वाटलं, एकदा तो हात उघड्यावर ठेवून बघावा. माझा नाई, तिचा. मोठा केला मुद्दाम, दिसावा म्हणून."

अंगाच्या मानानं हात मोठा झालाय, ही माझीच खोडी मला आठवली.

"लोकं रोज बघायले तिच्याकडं. मी रांगंत उभी राहून बघायची. लेकराकडं बघावं तसं बघायले होते. कुणी नजर काढली नाई, कुणी म्हणलं नाई की हिचा हात असा का. तिच्या मागं रांग लावायले! मग एक दिवस मी बी माझा हात बाहेर काढला. बसला उजवा हात केला. डायवरनं बस थांबवली. काईच झालं नाई." ती किंचित हसली. "तवापासनं उजवाच करत होते."

"फक्त मलाच खटकलं, ताई," मी म्हणालो. "बाकी कुणालाच नाही. मी माणूसच तसला आहे. मला सगळीकडं दोषच दिसतात."

तिनं पिशवीतून मोबाइल काढला, डाव्या हातानं, आणि माझ्यासमोर धरला. माझाच फोटो. आधी आणि नंतर. "आमच्या पॅकिंगच्या ग्रुपवर आला. एकजणीनं खाली लिहिलं, बरं झालं बाई, किती बेकार दिसत होतं. तिला कळलं नाई माझ्याबद्दल हाय ते. मग कळलं असंल, तर पुसलं तिनं." तिचा अंगठा स्क्रीनवर थांबला. "हा गोल कुणी काढला?"

"मी."

तिनं मान हलवली. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी त्या झेलल्या असत्या. पण ती फक्त त्या लाल गोलाकडे बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं बघू नये म्हणून मी रस्त्याकडं तोंड केलं.

"मी काढतो ती बोटं," मी म्हणालो. "आजच काढतो. कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

"नका काढू."

"होतं तसं करून देतो. मला येतं ते. कुणाला शंका येणार नाही इतकं बेमालूम करतो."

"नाई होत, काका," ती म्हणाली. समजावून सांगितल्यासारखं, हळू. "आता काढली तर ती तुटलेली दिसतील. आधी ती तुटलेली नव्हती."

मी आयुष्यात किती नग सुधारले त्याला गणती नाही. त्या वाक्याला मात्र माझ्याकडं अवजार नव्हतं.

"मग दुसरी करा," मी शेवटी म्हणालो. "नवी. मी सामान आणून देतो. ही काढून ती बसवू."

"तशी आता होणार नाई. ती केली तवा मला माहीत नव्हतं ना, लोकांना ते बेकार दिसतं म्हणून." आणि मग, माझीच कीव आल्यासारखी म्हणाली, "जाऊ द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं."

हे ऐकायला मी आलो होतो. ते ऐकलं आणि आणखीच खचलो.

चिमुकली अजून तिथंच आहे. मफलर उन्हाळ्यात कुणीतरी काढला आणि टोपी घातली. रांग तिच्याच मागून लागते. थांब्यावर कुणी नवा माणूस आला आणि वाकून बघायला लागला की टपरीवाला माझ्याकडं बोट दाखवतो. "हेच ते काका. बोटं मोडली होती, ह्यांनी बसवली. बघा, बोट ठेवायला जागा हाय का!" नवा माणूस माझ्याकडं आदरानं बघतो. मी घड्याळात बघतो, चष्मा पुसतो, काहीतरी करतो. ग्रुपवरचा फोटो मी पुसला, पण माझ्या एकट्याच्या पुसण्यानं काय होतंय?

तिची पहिली शिफ्ट असते त्या आठवड्यात आम्ही एकाच रांगेत असतो. ती मला टाळत नाही. "काका, चहा झाला का?" म्हणून विचारते, बायकोची चौकशी करते. मी तिच्या हाताकडे बघत नाही आणि बघत नाही हे तिला कळतं. मग बस येते. ओढणी उजव्या मनगटाभोवती गुंडाळलेली असते. ती डब्याची पिशवी कोपरावर सरकवते, डावा हात मोकळा करते आणि वर धरते. बस थांबते. बसला काय, डावाही चालतो.